भजन मंडळाचं घरच्या घरी रेकॉर्डिंग: वीस हजारांत काय काय बसेल?

कातळसडा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत जुनं भजन मंडळ आहे. बुवांनी सत्तरी ओलांडली, आवाज अजून खणखणीत आहे. रूपाच्या अभंगाच्या (देवाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग) आणि गजरांच्या काही चाली त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाल्या. त्या दुसऱ्या कोणालाच पूर्ण येत नाहीत. शब्द वहीत आहेत, चाल फक्त त्यांच्या गळ्यात. ती जपून ठेवायची ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा आहे. जमलं तर गणपतीपर्यंत पाच-सहा अभंग यूट्यूबवर टाकायचेत.

मोबाईलवरची रेकॉर्डिंग्ज ढीगभर आहेत, पण सगळ्यांत बुवा झांजेखाली दबलेत. शिवाय गजर चढला की मोबाईल आवाज आपोआप खाली ओढतो आणि ऐन रंगात सगळं बसकं होतं.

गावातल्यांनी आणि चाकरमान्यांनी मिळून वीस हजार जमवलेत. लॅपटॉप माझा आहे, आय-५, ८ जीबी रॅम. एक रिकामी खोली आहे: १० बाय १२ फूट, चिऱ्याच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा, खाली लादी, वर मंगलोरी कौलं. ऑनलाईन एक 'स्टुडिओ किट' पाहिलं. त्यात कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा), व्ही८ साऊंड कार्ड आणि भिंतीला चिकटवायचे फोमचे चौकोन मिळतात. घ्यावं का? की मॉनिटर स्पीकरही (रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे) लागतील? जाणकारांनी कृपया सांगावं.

लाल_माती

किट घेऊ नकोस दादा. व्ही८ कार्ड मोबाईलवरून लाईव्ह जाणाऱ्यांसाठी आहे, त्यातले टाळ्या-हशाचे आवाज तुला काय कामाचे? त्यापेक्षा एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक बरा माईक आणि बंद कपांचा हेडफोन घे. मी मालवणी रॅप करतो, सगळं घरातच. आधी क्लिक (ठरलेल्या लयीची टकटक) लावायचा, त्यावर पखवाज, मग पेटी, मग बुवा, शेवटी कोरस. एकाच माईकवर सगळं एकामागून एक होतं. माईक एकच लागत असल्याने पैसेही वाचतात आणि मिक्सिंगला (आवाज एकमेकांशी जुळवायला) प्रत्येक आवाज सुटा मिळतो.

सुरंगी

कातळसडा, खरेदीआधी खोलीबद्दल आणि बैठकीबद्दल बोलू. मी वेंगुर्ल्याची. मुंबईत बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं, आता गावी असते. भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे.

लाल_मातीची पद्धत त्याच्या गाण्यांसाठी अगदी योग्य आहे. भजनाला ती चालणार नाही. गजरात लय चढत जाते. ती कधी आणि किती चढवायची हे बुवा ठरवतात, पखवाजवाला त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून ते ओळखतो आणि कोरस त्याच्या पाठोपाठ उचलतो. क्लिक लावलात तर ही चढण संपली. सत्तरीच्या गायकाला कानाला हेडफोन लावून रिकाम्या खोलीत एकटं गायला सांगितलं, तर त्यांच्या गळ्यातून जे तुम्हाला हवंय तेच येणार नाही. म्हणून माझं ठाम मत असं की बैठक मोडू नका. सगळे एकत्र, एका दमात. खर्चाचा हिशोब या एका निर्णयावरून आपोआप लागतो.

एकदा हे ठरलं की १० बाय १२ ची खोली बाद. दहा-बारा माणसं, पखवाज आणि झांज त्यात मावतील, पण आवाजाला फिरायला जागा उरणार नाही. माजघर असेल ना? ते मोकळं करा. मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असं शेपूट ऐकू आलं, तर तो दोन समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमधला आवाजाचा झिम्मा. माजघराचा चिरा गिलावा न केलेला असेल तर नशीबवान आहात. त्याच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागावरून वरचे सूर थोडे विखुरतात. लादीवर मात्र सतरंज्या, त्यांच्याखाली जाड गोधड्या हव्यातच.

फोमचे चौकोन घेऊ नका. इंचभर फोम फक्त वरची चिरचिर शोषतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळजवळ ३.४ मीटर लांब असते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा असल्या पातळ फोमला दादच देत नाही. खोली आणखी बोजड वाटते, कारण चमक जाते आणि घुमारा उरतो. अंड्यांचे ट्रे तर मुळीच नकोत, त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही आणि ठिणगी पडली की भडकतात. कापसाच्या गाद्या, रजया, काथ्याची जुनी गादी हे सगळं घरात असतं. गाद्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे उभ्या करा. मागची पोकळी खालच्या सुरांसाठी उपयोगी पडते.

आता पैसे. अंदाज असा:

दोन माईक घेणारा इंटरफेस, आठ-नऊ हजार. बेहरिंगर यूएमसी२०२एचडी या वर्गातला. दोन माईक इनपुट, २४ बिट, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी वीज). एक इनपुटवाला स्वस्त मिळतो, पण तुमच्या कामाला दोन हवेतच.

बुवांसाठी डायनॅमिक माईक, म्हणजे बाहेरची वीज न लागणारा. शुअर एसएम५८ हा १९६६ पासूनचा सगळ्यांचा ओळखीचा माईक, पण तुमच्या अर्ध्या बजेटइतका. बेहरिंगर एक्सएम८५०० दोन हजारांच्या आसपास येतो आणि बुवांच्या खुल्या आवाजाला पुरतो.

मंडळींसाठी एक छोट्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, तीन-चार हजारांत. उरलेल्यात बंद कपांचा हेडफोन, दोन स्टँड, दोन केबल. मॉनिटर स्पीकर आता नकोत. न सजवलेल्या खोलीत ते स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकवतात.

केबलबाबत एक गोष्ट. स्वस्त माईकसोबत बऱ्याचदा एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला जाड गोल जॅक अशी केबल येते, मंडपवाल्यांकडे असते तीच. ती इंटरफेसच्या भोकात बसते, पण मधल्या भोकात गेलेला जॅक माईकच्या प्रीअँपकडे (बारीक आवाज वाढवणारा भाग) जातच नाही, लाईन किंवा गिटारच्या इनपुटला जातो. मग आवाज बारीक येतो, लोक गेन (आवाज वाढवायचं बटण) शेवटपर्यंत पिळतात, घरघर वाढते आणि दोष माईकला देतात. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेलीच केबल घ्या.

जुनी_पेटी

सुरंगीताई, प्रतिसाद फार आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी पेटी वाजवतो, डबल बारीला (दोन भजनी बुवांचा सामना) साथ केली आहे. पेटीवाल्याच्या बाजूने दोन शब्द. बुवा स्वतः पेटी वाजवत गाणार असतील (बहुतेक असतीलच), तर पेटीला वेगळा माईक लावायच्या भानगडीत पडू नका. बुवांच्या हनुवटीच्या जरा खाली, वीत-सव्वा वीत अंतरावर तोंडाकडे रोखलेला एकच माईक दोन्ही घेतो. पट्ट्यांजवळ माईक नेलात तर बोटांची खटखट आणि भात्याचा श्वास सुरांपेक्षा मोठा येतो. रेकॉर्डिंगच्या आधी पेटी तपासून घ्या. एखादी पट्टी खडखडत असेल तर तिच्याखालची नमदी (लोकरीचा थर) बदलायला कारागिराला दहा मिनिटं लागतात. नंतर ती खडखड कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

आणि पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम करा. आपल्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की दमटपणाने भात्याचं कातडं सैल पडतं, स्वरपट्ट्या दबल्या की उठत नाहीत, पखवाजाची पुडी उतरते. दर अभंगाला हातोडी घेऊन बसावं लागतं.

रापण

सुरंगीताय, माजो एक प्रश्न. आमच्या मंडळात झांजवालो एक नंबर, पण तेचो आवाज सगळ्यांवर चढता. हळू वाजय म्हटला तर तेचा मन मोडता आणि भजनातला रंग पण जाता. तेका खय बसवचो ता सांगा.

सुरंगी

रापण, हाच खरा प्रश्न आहे. झांज हळू वाजवायला सांगूच नका. जागा बदला.

बहुतेक साधे माईक कार्डिऑइड असतात. समोरचं नीट ऐकतात, कुशीचं सहा डेसिबल कमी, आणि अगदी पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणजे झांजवाला बुवांच्या शेजारी बसला तर बुवांच्या माईकला तो कुशीतून ऐकू येतो. त्याला बुवांच्या समोर बसवा, सहा-सात फुटांवर, माईकच्या थेट पाठीशी. मंडळींसाठीचा कंडेन्सरही त्याच बाजूला, त्याच्या जरा पुढे, कोरसकडे तोंड करून. दोन्ही माईकची पाठ झांजेला. झांजवाल्याचं तोंड बुवांकडे असल्यामुळे त्याला बुवांचे डोळे, हात सगळं दिसतं, नेहमीपेक्षा बरंच. बैठक फक्त थोडी वळते, मोडत नाही.

अंतराचंही गणित आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबल उतरतो. पण रिकाम्या, घुमणाऱ्या माजघरात असं होत नाही. तिथे भिंतींवरून परतलेला आवाज खोलीभर सारखाच पसरलेला असतो, झांज कितीही लांब न्या, ती येतच राहते. माईकची पाठसुद्धा मग फार काही वाचवत नाही. म्हणून गाद्या आधी. झांजवाल्याच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंना तीन गाद्या उभ्या करून बघा.

पखवाजवाला बुवांच्या उजव्या हाताला, नेहमीसारखाच, फक्त हातभर मागे. त्याची शाईची बाजू कंडेन्सरच्या टप्प्यात राहील असं बघा. त्याला वेगळा माईक नको, तो दोन्हीत पुरेसा येतो. कोरस दोन ओळींत बसवा, ज्याचा आवाज जाड तो मागे. एकदा दोन मिनिटं रेकॉर्ड करा, हेडफोनवर ऐका, एखाद्याला फूटभर पुढे-मागे सरकवा, पुन्हा ऐका. जुन्या काळी एकाच माईकवर सगळं ध्वनिमुद्रण होई तेव्हा मिक्सिंग म्हणजे हेच असायचं, माणसांना सरकवणं. या कामाला अख्खी संध्याकाळ द्या. यात जे जमेल ते नंतर कुठल्याच प्लगइनने (आवाज सुधारणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने) जमणार नाही.

चिरेबंदी

मी वायरिंगची कामं करतो, त्या अंगाने सांगतो. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये 'हम्म' येण्याचं कारण बहुतेक वेळा विजेत असतं.

पहिलं, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घरघर गेली तर कारण अर्थिंग किंवा चार्जर. गावाकडे अनेक जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा कित्येक वर्षं कोणी उघडलेला नसतो, मीठ-कोळसा विरून गेलेला असतो. वायरमनकडून तपासून घ्या. रेकॉर्डिंगपेक्षा जिवासाठी ते आधी करा, भिजल्या हातांनी धातूचा माईक धरणारी माणसं असतात.

दुसरं, इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर तो चालू होताच ट्रॅकमध्ये बारीक भणभण येते. रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवा, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम उरका. इंटरफेस यूएसबीवरच चालतो.

तिसरं, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी बल्ब. पंखा तसाही बंदच ठेवावा लागेल, पण रेग्युलेटर अर्ध्यावर ठेवू नका, बटणाने बंद करा. माईकची केबल आणि विजेची वायर शेजारी शेजारी नेऊ नका. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

गाद्यांऐवजी कायमचं काही हवं असेल तर काथ्याच्या रबराइज्ड शिटा मिळतात, गादीवाल्यांकडे. ४ बाय २ फुटांची लाकडी चौकट, चार इंच खोल, आत काथ्याचे थर, वरून गोणपाट किंवा सुती कापड. आपल्याकडचा माल आहे, स्वस्त पडतो, आणि रॉकवूलसारखा अंगाला खाजत नाही. पेंढा भरायचा विचार कोणाच्या मनात आला तर सोडून द्या, उंदीर होतात आणि आगीचा धोका.

लाल_माती

सुरंगीताई, बैठकीबद्दलचं पटलं. मी क्लिकवर वाढलोय, भजनातली चढण माझ्या डोक्यात आली नाही. कातळसडा दादा, सॉफ्टवेअरचं माझ्याकडून घे.

रीपर वापर. ६० दिवस पूर्ण मोफत, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर. तुझ्या ८ जीबी रॅमवर मजेत चालतो. नुसतं रेकॉर्ड करून कापायचं असेल तर ऑडॅसिटी कायमचं मोफत आहे, पण दोन ट्रॅकचं मिक्स रीपरमध्ये सोपं पडेल. इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (लॅपटॉप आणि इंटरफेस थेट जोडणारं सॉफ्टवेअर) टाक. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. कोणी हेडफोन लावून गाणार नाही म्हणजे लेटन्सीची (आवाज कानाला पोचायला होणाऱ्या उशिराची) चिंता नाही, तेव्हा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) सरळ ५१२ वर ठेव, लॅपटॉप अडखळणार नाही. वाय-फाय बंद, अँटीव्हायरसचं स्कॅन बंद.

जागेचा हिशोब: एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी. दोन ट्रॅक तासभर चालले तर एक जीबीच्या आसपास. म्हणजे रात्रभर चालू ठेवलंस तरी काही बिघडत नाही. बुवा पाणी प्यायला थांबले तरी रेकॉर्डिंग थांबवू नकोस.

लेव्हल गजराच्या शिखरावर लाव, रूपाच्या अभंगावर नको. सगळ्यात जोराच्या जागी मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचला पाहिजे, शून्यावर आवाज फाटतो. २४ बिटमध्ये हळू भाग नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

सुरंगी

लाल_माती, अगदी नेमकं. त्यात एक भर. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर बुवांच्या जागेवरून एक टाळी वाजवा. बुवांच्या माईकला ती लगेच पोचते, सहा फुटांवरच्या कंडेन्सरला साधारण पाच मिलिसेकंद उशिरा, कारण आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. दोन्ही ट्रॅकवर टाळीचा सुळका दिसेल. कंडेन्सरचा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवून सुळके जुळवा आणि ऐका. बुवांचा आवाज पोकळ वाटत होता तो भरीव होतो का ते कानाने ठरवा. काही वेळा न सरकवलेलाच बरा वाटतो, खोलीचा श्वास राहतो. दोन्ही ऐकून घ्या.

इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटांना एकच असतं. कंडेन्सरसाठी ते लावावं लागेल. डायनॅमिक माईकला त्याने काही होत नाही, केबल नीट एक्सएलआर असली म्हणजे झालं. माईक काढ-घाल करताना मात्र बटण बंद.

तिन्हीसांज

छान माहिती मिळतेय. एक वेगळा प्रश्न विचारू का? माझी आजी गुहागरला असते. तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. माझ्याकडे खर्चायला काहीच नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे.

सुरंगी

तिन्हीसांज, तुझं काम सगळ्यात आधी कर, आणि फोनवरच कर. डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाईल) रेकॉर्ड करणारं आणि ऑटो गेन (आवाज आपोआप वर-खाली करणं) बंद करता येणारं मोफत ॲप शोध. फोन विमान मोडवर. गोधडीची चौपदरी घडी, तिच्यावर फोन, माईकचं भोक आजीच्या तोंडाकडे, दीड-दोन वीत अंतर. आजीला न्हाणीघराजवळच्या मोकळ्या पडवीत बसवू नकोस. जिथे कपडे, गाद्या, धान्याची पोती आहेत अशा आतल्या खोलीत बसव.

जात्याची घरघर नको म्हणून जातं बाजूला ठेवू नकोस. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर असते, आजी हात फिरवल्याशिवाय पुढची ओळ विसरेल. एकदा दळत गाऊ दे, मग त्याच ओव्या नुसत्या बसून. दोन्ही ठेव.

जुनी_पेटी

तिन्हीसांज, आजींना मध्ये थांबवून 'परत म्हण' असं करू नका. आणि गाणं संपलं की रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारा: ही ओवी कोणाकडून शिकलात, कुठल्या गावी, कधी म्हणायचे. कातळसडा, तुमच्या बुवांनाही हेच विचारा, प्रत्येक अभंगानंतर. चाल कुठल्या गुरूंची, पट्टी कोणती, ठेका कोणता, गजरात कुठे उचलायचं. बुवांच्या तोंडून आलेली ही दोन मिनिटं पुढे चाल शिकणाऱ्याला अभंगाइतकीच मोलाची. नुसत्या गाण्यावरून शिकणारा जागा चुकतो.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरंगीताईंच्या यादीप्रमाणे सामान मागवलं, वीस हजारांत बसलं. माजघराचा चिरा गिलावा न केलेला निघाला. चिरेबंदी म्हणाले तसं अर्थिंग तपासलं, तिसऱ्या भोकात वायर नव्हतीच. ती घालून घेतली.

काल रात्री पहिली बैठक झाली. दिवसा आंब्याच्या गाड्यांची वर्दळ, म्हणून रात्री जेवणं उरकून नऊनंतर बसलो. पंखा बंद, उकाडा भयंकर, पण कोणी कुरकुर केली नाही. झांजवाल्या काकांना समोर बसवलं तेव्हा ते आधी जरा नाराज झाले, इतकी वर्षं बुवांच्या डाव्या हाताची त्यांची जागा ठरलेली. पहिला अभंग झाल्यावर त्यांनाच हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "बुवांचा शब्द न् शब्द कळतो रे." त्यानंतर त्यांनी स्वतःच आणखी हातभर मागे जाऊन बसायची तयारी दाखवली.

दोन अडचणी. एक, शांत जागी समुद्राची गाज येते. घर खाडीच्या तोंडापासून फार लांब नाही. दोन, कंडेन्सर पहाटेकडे मधूनच चिरचिरायला लागला. माईक बिघडला का?

सुरंगी

झांजवाल्या काकांचं वाचून फार आनंद झाला.

माईक बिघडलेला नाही. पहाटे हवेत दमटपणा वाढतो, कंडेन्सरच्या डायफ्रामवर ओल बसते आणि तो चिरचिरतो. कोरड्या जागी ठेवला की सुधारतो. त्याला हेअर ड्रायर लावू नका, उन्हात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगी असतं ते ओल भरली की हिरवं होतं. मग मंद तव्यावर गरम केलं की पुन्हा नारिंगी. तांदळात ठेवू नका, कोंडा आत जातो. काम झालं की माईक स्टँडवर राहू देऊ नका, लगेच डब्यात. पावसाळ्यात तर हे रोजचंच. आणि आपली खारी हवा पिनांना खाते, महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने एक्सएलआरच्या पिना पुसा. डायनॅमिक माईकला ही सगळी नाटकं लागत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर एकच माईक परवडणाऱ्याने तोच घ्यावा.

गाज पूर्ण जाणार नाही. बुवांच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं कापा, खालची धडधड जाईल. वरची सळसळ राहते. नॉइज रिडक्शनने ती घासायला गेलात तर बुवांच्या आवाजाच्या कडा पाण्यात बोलल्यासारख्या होतील. समुद्राकडच्या खिडक्यांत गाद्या ठेवा, ओहोटीची वेळ बघून बसा, आणि उरेल ती राहू द्या. खाडीकाठच्या गावातलं भजन आहे, तिथली गाज त्यात असली तर ऐकणाऱ्याला खटकत नाही.

रापण

ताय, आमी पण झांजवाल्याक समोर बसवलो. कसलो फरक! आता फक्त एक सांगा. गजर पिक्चरच्या गाण्याच्या चालीर असा. यूट्यूबर टाकलो तर चालात काय?

लाल_माती

रापण भाऊ, चित्रपटाची चाल असली तर यूट्यूबची यंत्रणा ती ओळखून हक्काचा दावा लावू शकते. बऱ्याचदा व्हिडिओ राहतो, पण त्यावरचं उत्पन्न मूळ हक्कदाराला जातं, काही वेळा व्हिडिओ बंदही होतो. तुकोबांचे, नामदेवांचे अभंग मोकळे आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. बुवांनी स्वतः रचलेले गजर मात्र बुवांचे. टाकण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या आणि वर्णनात त्यांचं नाव पहिलं लिहा.

आवाजाची पातळी यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) धरतं. त्याहून मोठं केलंत तर ते खाली ओढतं, तेव्हा लिमिटर (मोठे आवाज दाबणारं सॉफ्टवेअर) लावून भजन ठेचू नका.

सुरंगी

कातळसडा, टाकायची फाईल वेगळी आणि जपायची वेगळी. जपायच्या म्हणजे मूळ डब्ल्यूएव्ही, काहीही न कापलेल्या, टाळीसकट, बुवांच्या बोलण्यासकट. फाईलच्या नावात तारीख, अभंगाची पहिली ओळ आणि पट्टी लिहा. तीन प्रती करा: लॅपटॉपवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी मुंबईच्या एखाद्या चाकरमान्याकडे. हार्ड डिस्कही माईकच्याच डब्यात ठेवा, तिलाही दमटपणा चालत नाही.

पाऊस यायला अजून अवधी आहे. यूट्यूबचे पाच-सहा अभंग मागाहून होतील. ज्या चाली बुवांशिवाय कोणालाच येत नाहीत, त्या पुढच्या बैठकीत आधी घ्या.

कातळसडा

शनिवारी पुन्हा बसतोय ताई. बुवांनी स्वतःच वहीत खुणा केल्यात, कुठल्या चाली आधी घ्यायच्या त्या. चौदा निघाल्या. तिन्हीसांज, आजींचं झालं की इथे जरूर कळवा.